चौकटीबाहेरची रेघ

एक्स-रेच्या खोलीत तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा रागबिग नव्हता, उलट अभिमानच होता. फोटो निघाला की डॉक्टरांकडे पाठवण्याआधी पडद्यावर चौकट ओढायची आणि आजूबाजूचं नको ते कापून टाकायचं, ह्यात तिचा हातखंडा. हाडांच्या डॉक्टरांना कण्याच्या फोटोत फक्त कणा लागायचा. पोटातला वायू, आतड्यांच्या सावल्या असलं काही दिसलं की ते नाक मुरडायचे. नव्या मुलींना सांगायचे, फोटो असावा तर कात्रीबाईंसारखा. तेवीस वर्षं बाई ह्या कौतुकावर जगली. कौतुकाने माणूस इतका सुखावतो की दुसरं काही विचारायचं त्याला सुचतच नाही.

तिची ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच हिला न्हाऊमाखू घातलं आणि शिलाईमशीन चालवून शिकवलं. चौसष्टाव्या वर्षी ताईची पाठ दुखायला लागली. ज्या फळीवरून ती कापडाचे ताके सहज उतरवायची, तिथे आता हात पोचेना. फळीच वर सरकली असेल, असं म्हणून ताईने ते हसण्यावारी नेलं.

कात्रीबाईने तिला अक्षरशः ओढत एक्स-रेच्या मशीनखाली आणलं, कुशीवर निजवलं, श्वास धरायला लावला. पडद्यावर एक मणका पुढून चेपलेला दिसला. मणक्यांच्या पुढे थोड्या अंतरावर एक पांढरी तुटक रेघ खालपर्यंत गेली होती. पोटातून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलं की अशी रेघ उमटते, हे तिला ठाऊक होतं. पाळी जाऊन वर्षं झालेल्या कितीतरी बायकांच्या फोटोत तिने ती पाहिली होती. वयाचं आहे, असं ती दर वेळी मनाशी म्हणायची, तसंच आताही म्हणाली. चौकट ओढली, रेघ बाहेर राहिली, कणा कसा स्वच्छ दिसू लागला. ताईचा फोटो, म्हणून तिने तो जरा जास्तच निगुतीने कापला.

हाडं फार ठिसूळ झाली आहेत, पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मग काय, कात्रीबाईने डोळ्यांत तेल घालून ताईला जपलं. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, घरातल्या सतरंज्या गुंडाळून टाकल्या, सपाता बदलल्या. भाचीला, म्हणजे ताईच्या लेकीला, गोळ्यांचं वेळापत्रक लिहून दिलं. ताईही शहाण्या मुलीसारखी सगळं करायची. सहा महिने गेले, ताई एकदाही पडली नाही.

फक्त जिना चढताना ती मधेच थांबायला लागली. खांद्यांच्या मधे आवळल्यासारखं होतं म्हणाली, जबडा दुखतो म्हणाली. सगळ्यांनी मिळून ते पाठीच्या खात्यावर टाकून दिलं. पाठच एवढी वाकलीय तर दम लागणारच, असं कात्रीबाईनेच भाचीला समजावलं, आणि एवढी वर्षं त्याच कामात काढलेली मावशी सांगतेय म्हटल्यावर भाचीने का शंका घ्यावी?

एका सकाळी ताई शिलाईमशीनवर बसल्या बसल्याच घामाने थबथबली आणि कलंडली. इस्पितळात नेल्यावर कात्रीबाईने आधी विचारलं ते हेच, की कुठलं हाड तर मोडलं नाही ना. हाडं सगळी धड होती. हृदयाचा मोठा भाग मात्र निकामी झाला होता.

हृदयाच्या डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी जुने फोटो मागितले. कात्रीबाईने मूळ, न कापलेला फोटो काढून दिला, कारण तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. डॉक्टरांनी रेघेवर बोट ठेवलं. पाळी गेल्यावर कितीतरी बायकांची हाडं झिजतात आणि त्याच वर्षांत रक्तवाहिन्याही कडक होत जातात, त्या म्हणाल्या. सगळ्यांच्या बाबतीत असं होतं असं नाही, पण अशी ठळक रेघ दिसली तर हृदय तपासून घ्यायला हवं. तपासलं असतं तर हे टळलंच असतं का, ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, ही तेव्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती का?

कात्रीबाईने फोटो परत घेतला. कोणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, दाखवणारही नव्हतं. तोंडातून ब्र काढला नसता तरी चाललं असतं. पण वाचली तरी ताईला फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी त्याच बैठकीत सांगितलं होतं, आणि ताईला न सांगता जाऊ द्यायचं, हे तिला जमेना.

दुपारी भाची जेवायला खाली गेली, तेव्हा तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सगळं सांगितलं. रेघ, चौकट, कापणं, सगळं. रडली नाही. रडून ताईलाच समजूत घालायला लावायचं, एवढं तरी तिला करायचं नव्हतं.

ताई छताकडे बघत म्हणाली,

"म्हणजे तुला दिसली होती."

"दिसली होती."

"मग मला सांगायचंस ना, बारके." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तू सांगितलेली एक गोळी मी चुकवली नाही. हेही केलं असतं की."

कात्रीबाईने तिचा हात धरायला हात पुढे केला. ताईने आपला हात चादरीखाली घेतला. थंडी वाजली म्हणून घेतला की कसा, हे कात्रीबाईला कधीच कळणार नव्हतं. तेवढ्यात भाची वर आली. ताई तिला म्हणाली, "मावशीला घरी जायला सांग. ती दमलीय."

ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी येऊन ती पलंगाशी बसली, पण ताई झोपेतच होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाची एकच सांगत राहिली, की मावशीने आईला फुलासारखं जपलं, शेवटपर्यंत तिचं एक हाड मोडू दिलं नाही. कात्रीबाई शेजारीच बसलेली असायची. दोन दिवस तिने ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी माणसं निघून गेल्यावर तिने दार लावलं, भाचीला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.