पंधरा कमी

आरोग्य केंद्रात बीपीची दोन मशिनं होती, आणि त्यातलं लाल पिशवीतलं मशीन खोटारडं आहे हे तिथे झाडू मारणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. वरचा आकडा पंधराने आणि खालचा दहाने वाढवून सांगायचं. एखादी चुलती असते ना, तिला पुतणी जरा सुकलेली दिसली की ती घरभर सांगते, पोरगी निम्मी झाली म्हणून, तसलाच प्रकार. तक्रार करून करून सगळे थकले आणि मग त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकले. लाल पिशवी म्हणजे पंधरा कमी, दहा कमी. वजाबाकी मनातल्या मनात करायची आणि आलेला आकडा कार्डावर लिहायचा. नर्सबाईंना तर ती इतकी अंगवळणी पडली होती की मशीनवर काय दिसलं हे विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं.

नर्सबाईंचं काम घरोघरी जायचं. ज्या गरोदर बायकांना धोका जास्त, कुणाचं वय जास्त, कुणाचं आधीचं मूल गेलेलं, कुणाला साखर, अशा बायकांच्या कार्डावर लाल पट्टी असायची, आणि लाल पट्टीवाल्या सगळ्या नर्सबाईंच्या वाट्याला. बावीस वर्षं हेच काम. प्रत्येक घरात त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "घाबरायचं नाही हं, मी आहे ना." बायकांना ते औषधाच्या गोळीपेक्षा जास्त लागू पडायचं, असं त्या स्वतःच कौतुकाने सांगत.

त्या दिवशी सकाळी दहाला त्या पिशवी भरत होत्या, आणि कंपाउंडर टेबलावर हात पसरून स्वतःचंच बीपी बघत बसला होता. लाल पिशवीतल्या मशीनवर.

"एकशे बावीस," तो खुशीत म्हणाला. "घोड्यासारखी तब्येत आहे माझी."

"एकशे सात," नर्सबाईंनी न बघताच दुरुस्त केलं. "घोडा जरा अशक्तच आहे. जेवत जा वेळेवर."

"एकशे सात कसं? हे दुरुस्त होऊन आलंय की. आता आकडा चोख. दोन्ही मशिनं शेजारी ठेवून पाहिलं मी."

नर्सबाईंच्या हातातली कार्डं हातातच राहिली. "कधी आलं?"

"पंधरा दिवस झाले. तुम्ही रजेवर होतात तेव्हा. फळ्यावर लिहिलं होतं ना मी, मोठ्या अक्षरात."

फळ्यावर लसीकरणाची यादी होती. तिच्याखाली पुसलेल्या खडूचा पांढरा फराटा तेवढा दिसत होता. कंपाउंडरने फळ्याकडे बघितलं, मग नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"बाई, तुम्ही अजून कमी करत होतात?"

खुर्चीत बसून नर्सबाई त्या पंधरा दिवसांतली कार्डं एकेक उलटू लागल्या आणि प्रत्येक आकड्यात पंधरा आणि दहा मिळवू लागल्या. साधी बेरीज, पण घाईत ओळ चुकायची आणि पुन्हा मोजावं लागायचं. बऱ्याच जणी बेरजेनंतरही ठीक होत्या. दोघी धोक्याच्या रेषेच्या जरा वर गेल्या. आणि मग शिंपिणीचं कार्ड आलं. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी, अकरा दिवसांपूर्वी. म्हणजे एकशे त्रेपन्न, अठ्ठ्याण्णव.

शिंपिणीला आठवा महिना होता. वय एकोणचाळीस, आधीची दोन पोटातच गेलेली. त्या दिवशी ती म्हणाली होती, "ताई, डोकं दुखतं हो सारखं." आणि नर्सबाईंनी कार्डावरच्या आकड्याकडे बघून सांगितलं होतं, "दिवसभर मशीनवर वाकून बसतेस, दुखणार नाही तर काय? विश्रांती घे. बीपी उत्तम आहे." उत्तम! स्वतःचाच आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला.

रेषेच्या वर गेलेल्या त्या दोघींनी फोन उचलला, केंद्रावर येतो म्हणाल्या. शिंपिणीचा फोन बंद होता.

"या दोघींना तू बघ, डॉक्टरांना सगळं सांग," त्या कंपाउंडरला म्हणाल्या. "सगळं म्हणजे सगळं. मी निघाले."

स्कूटर सुरू व्हायला तीन किका लागल्या. रस्ता रोजचाच, टायरच्या दुकानावरून डावीकडे, मग काच कापणाऱ्यांची गल्ली, पण आज प्रत्येक ट्रकवाल्याला नेमकं आजच आडवं उभं राहायचं होतं. बीपी वाढत गेलं की काय होतं हे नर्सबाई दर महिन्याला बायकांना फळ्यावर चित्र काढून शिकवायच्या. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीखाली दुखतं, मग झटके. झटक्यांनंतरचं चित्र त्या काढत नसत. अकरा दिवस, अकरा दिवस, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. देवा, माझी नोकरी घे, पण तिला काही होऊ देऊ नकोस, असं त्या हेल्मेटमध्ये मोठ्याने बोलल्या, आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसाने वळून पाहिलं.

शिंपीण तिसऱ्या मजल्यावर राहायची. दुसऱ्या मजल्यावर पोचताच नर्सबाईंना वरून शिवणयंत्राचा आवाज आला. धडधड, थांबा, धडधड. त्या कठडा धरून तिथेच उभ्या राहिल्या. बसलीय! शिवतेय! डोळ्यांत पाणीच आलं. उरलेल्या पायऱ्या त्या जवळजवळ हसत चढल्या.

दार उघडंच होतं. यंत्रावर सासू बसली होती. नाकावर चष्मा, मांडीवर शाळेच्या गणवेशाची अर्धवट बाही.

"या बाई. बघा ना, म्हातारपणी मला बसवलंय कामाला. पन्नास शर्ट उद्या द्यायचेत. ती पडलीय आत. कालपासून डोकं फार दुखतंय. मी म्हटलं, बाई म्हणाल्या आहेत ना विश्रांती घे, मग घे. फोनसुद्धा मीच बंद केला, झोप मोडायला नको म्हणून."

नर्सबाई आत धावल्या.

खिडकीला चादर लावली होती. शिंपीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मान वळवली तेव्हा चेहरा ओळखू येईना, इतका सुजलेला.

"ताई, उजेड नको हो," ती म्हणाली. "सुईत दोराच ओवता येईना काल. दोन दोन सुया दिसतात. आणि इथं, छातीखाली दुखतंय."

"कधीपासून?"

"परवापासून. येणार होते केंद्रावर. पण तुम्ही म्हणालात ना, बीपी उत्तम आहे. म्हटलं उगाच कशाला."

नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं आणि थांबलं. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे सोळा. चोख आकडा.

"उत्तमच आहे ना?" शिंपिणीने विचारलं.

"नाही. दवाखान्यात जायचंय. आत्ता." घाबरायचं नाही हे त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

फोन केल्यावर दवाखान्याची गाडी यायला चौदा मिनिटं लागली. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून तिला तीन मजले खाली नेलं, आणि प्रत्येक वळणावर नर्सबाई ओरडत होत्या, हळू, हळू, धक्का नको. गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवलं. सासू पायाशी बसली, एका हातात पिशवी, दुसऱ्यात चुकून आलेली शर्टाची बाही. नर्सबाईंची नजर शिंपिणीच्या बोटांवर खिळली होती. बोट जरा हललं की त्यांना वाटायचं, झटका आला. बावीस वर्षांत इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला सांगायची सोयही नव्हती.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने त्यांच्या लेकीएवढी होती. तिने कार्ड उलटून बघितलं. "अकरा दिवसांपूर्वी तर ठीक होतं. मग हे दोन-तीन दिवसांतलंच दिसतंय?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. कार्डही तेच सांगत होतं.

"नाही," नर्सबाई म्हणाल्या. "तेव्हाच एकशे त्रेपन्न होतं. मी पंधरा कमी करून लिहिलंय. चूक माझी आहे. अकरा दिवस वाढलेलं आहे, जास्तही असेल. डोकंही तेव्हापासून दुखतंय."

डॉक्टरिणीने एक क्षण त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, पण आवाजात बरं काहीच नव्हतं. मग तिने इंजेक्शन मागवलं, रक्त तपासायला पाठवलं, शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलं. इंजेक्शन आलं, सुई शिरेत शिरतच होती, आणि तेवढ्यात शिंपिणीचा जबडा आवळला. मग सगळं अंग. खाट खडखडायला लागली. सासू किंचाळली. कुणीतरी दोघींना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं, आणि त्याकडे बघायचं नाही असं दोघींनीही ठरवलं होतं. पाऊण तासाने एक नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, जेमतेम पावणेदोन किलोची, पण रडली होती. आईला पुन्हा झटका आला नव्हता, मात्र ती शुद्धीवर नव्हती. आजचा दिवस काही सांगता येत नाही, असं म्हणून ती आत गेली.

सासूने नर्सबाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही देवासारख्या आलात हो. तुम्ही आज आला नसतात तर..."

तेवढं ऐकून गप्प बसणं सोपं होतं. पण नर्सबाईंना ते हात सहन होईनात. त्यांनी सांगितलं. मशीन, वजाबाकी, फळा, सगळं. सासू ऐकत राहिली. मध्येच कधीतरी तिने हात काढून घेतले.

"म्हणजे ती सांगत होती, डोकं दुखतंय," सासू म्हणाली, "आणि मी तिला म्हणत होते, बाईंनी बघितलंय ना, झोप."

"हो."

तेवढ्यात नर्सबाईंचा फोन वाजला. कंपाउंडर होता, आणि त्याचा आवाज बाकावर दोघींनाही ऐकू येत होता. त्या दोघींतली एक येऊन गेली, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दुसरी अजून आलीच नव्हती. परत फोन केला तर म्हणाली, मला काही होत नाहीये, नर्सबाईंनी बघितलंय, उद्या येते.

"कितवा महिना तिचा?" सासूने विचारलं.

"सातवा."

"मग इथं माझं तोंड बघत काय बसलात? उठा."

नर्सबाई उठल्या. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण सासूने मान हलवली.

"मला जे बोलायचंय ते मी नंतर बोलेन. आणि बोलणार आहे, सोडणार नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "आधी तिला जाऊन खरं सांगा. घाबरली तर घाबरू दे. माझी सून घाबरली असती तर आज अशी पडली नसती."