राणीमाशांच्या तळाशी

मित्रांनो, उत्तर कोलकात्यातल्या एका गच्चीवर जास्वंदीच्या कुंडीत पांढरे खडे पसरले आहेत. त्यांतला एक जुना संगमरवरी खडा म्हणजे मी. माझी एक बाजू गुळगुळीत आहे, पण दुसरीकडची कड अजून धारदार आहे. माझी सगळी हकिगत त्या कडेचीच आहे.

राजस्थानातल्या एका खाणीजवळ मोठ्या शिळेच्या फरश्या कापत होते. तेव्हा जे तुकडे उडाले, त्यांत मी होतो. फरश्या कुठल्याशा देवळात गेल्या. आम्हाला पोत्यात भरले आणि ते पोते फिरत फिरत बागबाजारच्या रविवारच्या हाटात आले. तिथे पोपट, रोपटी, मासे आणि माशांच्या टाकीत घालायचे लाल-निळे खडे विकायला होते. त्या रंगीत गर्दीतून पुलिन धर यांनी मला उचलले. पुलिनबाबूंचा धंदा तसबिरींना चौकटी करण्याचा. चौकट चांगली नसेल तर चित्र वाया गेले, असे ते मानत. मला उन्हात धरून ते म्हणाले, “हेच द्या. शंखासारखे शुभ्र आहेत.” माझे असे कौतुक तोवर कोणीच केले नव्हते. मी सुखावलो.

त्यांच्या घरी काचेच्या टाकीत चार राणीमासे होते. पिवळ्या अंगावर काळे पट्टे आणि तोंडाशी केसासारख्या नाजूक मिशा. पुलिनबाबूंची बायको शेफाली उत्तर बंगालातल्या अलीपूरद्वारकडची. तिचे आईवडील गेले, भावाने घर विकले आणि शेवटी घरामागच्या ओढ्यातले हे मासे डब्यात घालून बहिणीला आणून दिले. सोबत त्याच ओढ्याची करडी, मऊ वाळूही आणली. माहेरचे म्हणून तिच्याकडे एवढेच उरले होते. तिच्या सासूबाई, चारुबाला, टाकीकडे बघून म्हणायच्या, “वांगं आणि कलौंजी घालून पातळ रस्सा केला असता, तर सूनबाईचं माहेर आमच्याही पोटात गेलं असतं.” शेफाली हसून सोडून द्यायची.

पुलिनबाबूंना ती वाळू मळकट वाटे. एके दिवशी शेफाली बाहेर गेलेली असताना त्यांनी ती उपसली आणि गल्लीत काम करणाऱ्या गवंड्याला देऊन टाकली. तिच्या जागी आम्हाला पसरले, वर दिवा लावला आणि ते तिची वाट पाहत बसले. ती आली. वाकून टाकीचा तळ पाहिला.

“छान दिसतंय,” ती म्हणाली. “पण हे वाळूत तोंड खुपसून खातात हो.”

“शिकतील,” पुलिनबाबू म्हणाले. “तूसुद्धा शिकलीस की इथं राहायला.”

शेफाली पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली.

शेजारीपाजारी येत, टाकीपुढे उभे राहून आमचे कौतुक करत. मला वाटे, आपण देवळात गेलो नाही तरी काही बिघडले नाही. मग मासे खाली आले. राणीमासा तळालाच राहतो, तळालाच खातो. खाण्याचे दाणे आमच्या फटींतून खाली जात आणि तिथेच सडत. ते काढायला मासे आमच्याखाली तोंड घालत. त्यांच्या मिशा माझ्या कडेवर घासत. दुखले की मागे सरत, भूक लागली की पुन्हा येत. मित्रांनो, मला तसूभरही सरकता येत नव्हते. मी होतो तसाच पडून राहिलो आणि त्यांच्या मिशा आखूड होत गेल्या. पुढे ओठ लाल झाले, मग त्यांवर पांढरट बुरशी धरली.

पुलिनबाबूंनी पाणी बदलले, निळे औषध घातले. बुरशी हटेना तेव्हा दुकानदाराने दुसरे औषध दिले. चारुबालांनी थट्टा सोडली आणि टाकीवरून मिरच्या उतरवून टाकल्या. तरी एक मासा गेला, मग दुसरा. सगळे पाण्याला दोष देत होते. आम्ही दिव्याखाली चमकत होतो, त्यामुळे आमच्याकडे कोणाचा संशय गेला नाही.

तिसरा मासा आमच्या फटीत अडकून मेला. त्याला काढायला शेफालीने हात घातला आणि माझ्या कडेने तिचे बोट कापले. तिने बोट पाहिले. मग मासा तळहातावर घेऊन त्याचे तोंड पाहिले. मिशी एकही राहिली नव्हती. ती पुलिनबाबूंना बोलावून घेऊन आली, तिने त्यांचा तळहात आमच्यावर दाबला आणि ओढला. त्यांनी झटकन हात काढून घेतला.

“लागलं?” तिने विचारले. “हे रोज यावर तोंड घासत होते. माझी वाळू कुठंय?”

“भिंतीला लागली,” ते खाली मान घालून म्हणाले.

ती रडली नाही. इतकेच म्हणाली, “मी इथं राहायला शिकले म्हणालात ना? शिकले नाही हो. नुसती गप्प बसले.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुलिनबाबू गंगेच्या घाटावर गेले. बारीक वाळू आणली, चाळली आणि पाणी नितळ निघेपर्यंत बादलीत धूत राहिले. आम्हाला मुठीमुठीने काढून गच्चीवरच्या कुंडीत आणून टाकले. त्यांचे हात ओरबाडले होते, पण त्यांनी मध्ये थांबून पाहिलेसुद्धा नाही.

त्यानंतर ती टाकी मला दिसली नाही. चारुबाला गच्चीवर डाळीच्या वड्या वाळत घालायला येतात, तेव्हा शेजारणीशी बोलतात, त्यावरून कळते ते एवढेच. शेवटचा मासा जगला आहे. दिवसभर वाळूत अर्धा पुरून पडून असतो. मिशांचे खुंट फुटले, पण ते पुरते वाढले नाहीत. त्याला खाणे हुडकता येत नाही, म्हणून शेफाली रोज त्याच्या तोंडाशी घास धरते. ती घरी नसली की पुलिनबाबू धरतात.

मित्रांनो, टाकीचा तळ नुसत्या डोळ्यांनी निवडू नका. खडे असोत की वाळू, मूठभर घ्या आणि आधी आपल्या गालावर घासून पाहा. बोचले तर तुम्ही हात मागे घ्याल. माशाला मात्र तिथेच जेवायचे असते.