राजमातेचा नकार

तलवारबाजीच्या त्या चित्रपटात भानुरत्नमला राजमातेचे काम मिळाले, तेव्हा सर्वांत जास्त आनंद झाला तो तिच्या मुलाला. तेनालीच्या नाटक कंपनीत तिने सीता, चंद्रमती, द्रौपदी सगळ्या केल्या होत्या. पण मद्रासला आल्यापासून पडद्यावर तिच्या वाट्याला दासी आणि शेजारणीच यायच्या, त्यादेखील बहुधा पाठमोऱ्या. नवरा गेल्यावर तिने कोदंडमला एकटीने वाढवले होते. तो आता ट्रिप्लिकेनच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि संध्याकाळी शाईने काळी झालेली बोटे घेऊन तसाच पानावर बसायचा.

"महाराणींनी आज स्वतः रसम केलं?"

"आधी हात धू. राजपुत्राचे हात बघा कसे आहेत."

"राजपुत्राला राज्य कधी मिळणार, ते सांगा."

"गप जेव," ती म्हणायची, आणि त्याच्या भातावर तुपाची धार धरायची.

चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत एकदमच निघत होता. कोडंबाक्कमच्या स्टुडिओत उभारलेल्या त्या दरबारात प्रत्येक प्रसंग आधी तेलुगूत व्हायचा, मग त्याच जागी, त्याच मुकुटात, त्याच अश्रूंसह तमिळमध्ये. कथा अशी होती की, राजाला विष घालून सिंहासन बळकावणारा प्रधान, रानात वाढलेल्या खऱ्या राजपुत्राला पकडून भर दरबारात आणतो आणि राजमातेला विचारतो, हा तुमचा मुलगा आहे का? ती हो म्हणाली तर राजपुत्राची मान तिथेच उडणार. त्याला वाचवायचे, तर त्याला नाकारण्यावाचून तिला दुसरा मार्ग नाही.

राजपुत्राचे काम जगन्मोहन नावाचा नेल्लूरचा एक देखणा, नवखा मुलगा करीत होता. त्याची आई शेषम्मा रोज त्याच्यासाठी डबा घेऊन यायची आणि दिव्यांच्या मागे एका स्टुलावर बसून राहायची. पोराने तलवार उचलली की ती डोळे मिटून घ्यायची.

नकाराचा प्रसंग आधी तेलुगूत झाला. भानुरत्नमने जीव ओतला, तरी दिग्दर्शक नरसिंहमूर्ती यांचे समाधान होईना. शेवटी ते उठून तिच्याजवळ आले.

"रत्नम्मा, तुम्ही खोटं बोलताय."

"राजमाता खोटंच बोलते ना?"

"ती बोलते. पण तुमचं तोंड बोलतंय, पोट बोलत नाही. तुम्हाला मुलगा आहे ना? मग जगन्मोहनला विसरा. तिथे तुमचं पोर उभं करा आणि त्याच्याकडे बघून म्हणा."

तिने तसे केले. साखळदंडातल्या त्या मुलाकडे पाहता पाहता तिने त्याच्या जागी कोदंडमला आणले. त्याचे पडलेले खांदे, हनुवटीवरची जुनी खूण, शाईची बोटे. तो तिच्याकडे पाहू लागला. तेव्हा ती म्हणाली, "हा माझा मुलगा नाही. याला मी जन्म दिलेला नाही."

मग नरसिंहमूर्तींनी मान डोलावली आणि दिवे मालवले. शेषम्मा पदराने डोळे पुसत आली आणि तिने भानुरत्नमचा हात धरला. "पोर माझं आहे हो ते. पण तुम्ही म्हणालात आणि क्षणभर मलाच वाटलं, हा कोणाचाच नाही."

तमिळ प्रसंग त्या दिवशी होऊ शकला नाही. त्या भाषेत प्रधान होणारा नट तापाने पडला होता.

त्या संध्याकाळी भानुरत्नमने दोन पाने मांडली. दिवेलागण झाली, तरी कोदंडम आला नाही, तेव्हा ती जिन्यात येऊन उभी राहिली. खाली घरमालकीण पर्वतम तांदूळ निवडत होती. सायकल ओसरीत लावण्यावरून तिची आणि कोदंडमची रोज खडाजंगी व्हायची.

"कोणाची वाट बघताय?"

"कोदंडम आला नाही अजून."

"कोण कोदंडम?"

"आज पुन्हा भांडलात वाटतं," भानुरत्नम हसून म्हणाली.

पर्वतमने सूप खाली ठेवले. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "रत्नम्मा, तुम्ही या घरात राहायला आलात त्या एकट्या. कोणी पाहुणा येणार आहे का?"

भानुरत्नम वर गेली. कोदंडमची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि तिच्यापुढे पर्वतमची वाळवणाची पोती रचलेली होती. पोत्यांवर धूळ होती. दोरीवर तिचीच लुगडी होती. त्याचा एखादा सदरा, एखादा पंचा, काही म्हणता काही नव्हते. आणि भिंतीवर त्याच्या लहानपणीच्या फोटोच्या जागी मुरुगन देवाचे कॅलेंडर होते, तेही असे की, जणू ते कायम तिथेच होते.

सकाळी ती पहिल्या बसने ट्रिप्लिकेनला गेली. छापखान्याच्या दारातूनच तिला तो दिसला. खिळ्यांच्या कप्प्यांपुढे वाकलेला, नेहमीसारखा. तिने चौकट धरली. त्याने मान वर केली.

"काय झालं, अम्मा?"

त्या एका शब्दाने तिला रडू फुटले. तिने त्याचे तोंड दोन्ही हातांत धरले, आणि मग तिच्या लक्षात आले की, तो अवघडून उभा आहे. रस्त्यावरच्या कोणत्याही बाईला मद्रासमध्ये अम्माच म्हणतात. भाजीवालीला म्हणतात, भिकारणीला म्हणतात.

"कोणाला शोधताय तुम्ही?" त्याने विचारले.

"कोदंडम, मी आहे रे. ही हनुवटीवरची खूण... तेनालीला विहिरीच्या काठावर पडला होतास. मी हळद दाबून धरली होती."

त्याने नकळत हनुवटीला हात लावला. "माझ्या लहानपणाचं सांगणारं मला कोणी नाही, अम्मा," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही म्हणताय तसं झालंही असेल."

मागून छापखान्याचा मालक ओरडला, "ओ बाई, अनाथाश्रमात वाढलेलं पोर आहे ते. कशाला त्याची चेष्टा करता?"

कोदंडमने तिला बाकावर बसवले, पाणी आणून दिले, आणि ती पिऊन होईपर्यंत शेजारी उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत कणव होती. तिरस्कार असता, तर तिला एवढे असह्य झाले नसते.

तिथून ती तडक नरसिंहमूर्तींच्या घरी गेली. ते झोपाळ्यावर कॉफी घेत होते.

"तमिळच्या वेळी मला ते वाक्य बदलू द्या," ती म्हणाली. "हा माझा मुलगा आहे, असं म्हणू द्या."

"म्हणजे प्रधान त्याची मान उडवणार आणि सिनेमा तिथेच संपणार!" ते मोठ्याने हसले. "तेलुगूवाल्यांचा राजपुत्र जगवायचा आणि तमिळवाल्यांचा मारायचा? लोक पडदा फाडतील, रत्नम्मा."

"फक्त एकदा. नंतर कापून टाका. पण मला एकदा म्हणू द्या. मी तुमच्या पाया पडते."

आणि ती खरोखरच त्यांच्या पायांशी बसली. ते घाईने झोपाळ्यावरून उठले. "अहो, हे काय? झालंय तरी काय?"

"माझा मुलगा मला ओळखत नाही."

"तुम्हाला मुलगा आहे?" नरसिंहमूर्ती म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

प्रधान बरा झाला आणि दरबार पुन्हा उजळला. तीच सिंहासने, तेच भालदार, तोच साखळदंड. रंगभूषाकाराने भानुरत्नमला मुकुट चढवला. तिने ठरवले होते. नाकारताना जसे कोदंडमला समोर आणले, तसेच त्याला आणायचे आणि स्वीकारायचे. मग हे चित्रपटवाले काय वाटेल ते करोत.

प्रधानाने तमिळमध्ये प्रश्न विचारला. ती पायऱ्या उतरली. जगन्मोहनच्या चेहऱ्याकडे पाहत तिने कोदंडमला हाक मारली, मनातल्या मनात, जीव एकवटून. पण आला तो छापखान्यातला तो परका, कनवाळू तरुण, हातात पाण्याचा पेला घेऊन. आणि तोही टिकला नाही. तिने आठवणींत मागे धाव घेतली. गोवर आलेले पोर आठवले, त्याला चेहरा नव्हता. विहिरीच्या काठावर रक्ताळलेले पोर आठवले, त्याने तोंड फिरवले. पानावर बसलेला, तुपाची वाट बघणारा कोणीतरी आठवला. तो कोण होता? प्रधान पुन्हा दरडावत होता. समोर, हाताच्या अंतरावर, रंगाने माखलेला, घामेजलेला, श्वास घेणारा एकच चेहरा होता.

तिने धावत जाऊन साखळदंडासकट त्याला कवटाळले. "हा माझा आहे! माझाच मुलगा आहे हा! माझा!"

"कट!" नरसिंहमूर्ती ओरडले. कोणीतरी हसले, कोणीतरी चुकचुकले. दासी झालेल्या दोघींनी मिळून तिचे हात सोडवले. "बाहेर नेऊन बसवा त्यांना," ते म्हणाले. "जरा वाऱ्यावर बसू द्या. मग परत घेऊ."

बाहेर ऐन दुपार होती. मुकुट न उतरवताच भानुरत्नम झाडाखालच्या बाकावर बसली. आत कुठेतरी सैल पडल्यासारखे वाटत होते. ते वाक्य एकदा म्हणून तर झाले होते. आता असेच उठावे, ट्रिप्लिकेनला जावे, छापखान्याच्या दारात उभे राहावे. तो मान वर करील.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला शेषम्मा बसली होती. मांडीवर डबा उघडा होता आणि ती त्यात पाहत होती.

"दहीभात आहे," ती म्हणाली. "गोंगुऱ्याची चटणी आहे. पहाटे उठून केलं सगळं." मग ती ओशाळल्यासारखी हसली. "कोणासाठी केलं, तेच आठवत नाहीये बघा. मी इथे कशी आले हो?"

भानुरत्नम स्टुडिओकडे वळून पाहू लागली.

दरबाराच्या दारातून जगन्मोहन बाहेर आला. हातांतल्या बेड्या काढायला कोणी भेटले नव्हते वाटते. त्या तशाच खळखळत होत्या. तो शेषम्माच्या समोरून गेला. तिने पाय बाजूला घेऊन त्याला वाट दिली. तो येऊन भानुरत्नमच्या पायांशी जमिनीवर बसला, दमलेली मुले बसतात तसा, तिच्या गुडघ्याला टेकून.

शेषम्मा कौतुकाने पाहत होती. "गुणी आहे हो तुमचा मुलगा," ती म्हणाली, आणि तिने डबा भानुरत्नमच्या मांडीवर सरकवला. "भुकेला दिसतोय. त्याला घाला हे. माझ्याकडे काय, खाणारं कोणी नाही."

त्याचे हात बेड्यांत होते. त्याने भानुरत्नमकडे पाहिले आणि घासासाठी तोंड उघडले.