दोन उन्हाळे न कापलेले कुरण

मी एक जुने कुरण आहे. 'जुने' हा शब्द मी अंदाजाने वापरत नाही. माझ्या वरच्या अंगाच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, फाटकापासून सातव्या पावलावर, बांधणाऱ्याने एका दगडावर साल कोरून ठेवले आहे. त्या हिशेबाने मला यंदा दोनशे एकसष्ट वर्षे पूर्ण झाली. उत्तर इंग्लंडातल्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून तीनशे ऐंशी मीटर उंचीवर, अडीच एकरांचा उतार एवढाच माझा पसारा. मला पाहायला येणारी माणसे हमखास म्हणतात, "किती नैसर्गिक!" मित्रांनो, हे विधान चूक आहे. माझा अलीकडचा सगळा मनस्ताप या एका चुकीतून निघाला, म्हणून ती आधी दुरुस्त करते.

मी नैसर्गिक नाही. मला घडवले आहे. माणसांनी इथले दगड वेचले, त्याच दगडांचे गडगे रचले, पाणी निघून जावे म्हणून चर खणले. त्यानंतर दरवर्षी एकच क्रम चालला. मेच्या मध्यावर मेंढ्या आणि कोकरे बाहेर काढून फाटक लावायचे, म्हणजे कुरण राखायचे. जुलै सरता सरता, बी पिकून गळू लागले की गवत कापायचे, उन्हात उलथून वाळवायचे आणि उचलून न्यायचे. हिवाळ्यात जनावरे तेच खातात. कापणीनंतर नव्याने फुटलेल्या हिरव्यावर पुन्हा मेंढ्या सोडायच्या, आणि वसंतात शेणखत घालायचे, पण हात राखून.

'उचलून न्यायचे' हे शब्द नीट ऐका. गवताबरोबर जमिनीचा कसही दरसाल थोडा बाहेर जातो. जमीन हलकी राहते. हलक्या जमिनीत दांडगे गवत माजत नाही, म्हणून नाजूक फुलांना उभे राहायला जागा मिळते. माझ्याकडे एक पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. तिच्या सुक्या बोंडांत बिया वाजतात, म्हणून तिला खुळखुळी म्हणू. ती गवताच्या मुळांतून रस चोरते आणि गवताला नमवते. चोरटी आहे, पण माझ्या सगळ्या रंगांचा जामीन तीच आहे. तिचे आयुष्य एका वर्षाचे, आणि तिचे बी मातीत फार तर दोन वर्षे जिवंत राहते. दोन वर्षे तिला मोकळी माती मिळाली नाही, तर तिसऱ्या वर्षी ती नसते. यात भावनेचा प्रश्न नाही. हे गणित आहे.

हा क्रम कोट्स घराण्याने चार पिढ्या सांभाळला. जमीन मालकाची, कसणारे कोट्स. आधी लांब दांड्याचे विळे आले, मग घोडे, मग ट्रॅक्टर. शेवटची कसणारी विनी कोट्स, वय एकाहत्तर, मेंढ्यांवर ओरडताना आवाज तिसऱ्या डोंगराला पोहोचतो. तिचा धाकटा भाऊ रॉली तिच्या हाताखाली राबतो आणि दिवसभर तक्रार करतो. त्यांच्या काळात एक वनस्पतीशास्त्राच्या बाई लाकडी चौकट घेऊन आल्या होत्या. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा तुकड्यात त्यांनी चौतीस जाती मोजल्या. स्वतःवर विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजल्या. पुन्हा चौतीस. मला आयुष्यात पुष्कळ स्तुती मिळाली, पण दोनदा तपासलेली तेवढीच.

मग मालक वारले आणि वारसांनी मला विकायला काढले. फाटकावर कागद लागला. 'चराई, विरंगुळा आणि वन्यजीव यांसाठी उत्तम डोंगरी कुरण.' जणू या तीन वेगवेगळ्या सोयी आहेत आणि घेणाऱ्याने आवडेल ती निवडावी. पहिलीमुळे बाकीच्या दोन आहेत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. लिलाव गावच्या सभागृहात झाला. विनीने एका आकड्यापर्यंत हात वर केला आणि मग तो खिशात घातला. मला क्लाइव्ह हॅरग्रीव्ह आणि त्यांची पत्नी फिलिपा यांनी घेतले. ते लीड्स शहरातले निवृत्त दंतवैद्य, त्या पियानो शिकवीत. दोघेही सज्जन. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण वाईट माणसांपासून माझे संरक्षण करणारे कायदे आहेत, सज्जनांपासून काहीच नाही.

पहिल्या वसंतात त्यांनी माझ्या मध्यावर एक बाक ठेवला. वाकड्या चोचीचे कोरल पक्षी गवतात घरटे करताना पाहून फिलिपाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच दिवशी दोघांनी ठरवले की इथे यंत्र म्हणून फिरवायचे नाही. पिल्ले जुलैच्या मध्याला उडून गेली, आणि निर्णय मात्र मागे राहिला. कापणीचा आठवडा आला आणि गेला. माझे गवत उभ्याउभ्या पिवळे पडले, पावसात लोळले, आणि माझ्याच अंगावर कुजू लागले.

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे. या खोऱ्यात दुसऱ्याच्या गडग्याआतल्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही. विचारले तर सांगतात, नाही विचारले तर हवामानावर बोलतात. या रीतीमुळे भांडणे टळतात. तिच्यामुळे आणखी काय काय टळते, याचा अभ्यास झालेला नाही.

सप्टेंबरात विनी आणि रॉली वरच्या गडग्याचा ढासळलेला भाग रचत होते.

"अगं विनी, हे कापणार आहेत का नाही?"

"मला काय विचारतोस? कुरण त्यांचं."

"मग सांग की त्यांना."

"त्यांनी विचारलंय?"

"नाही."

"मग तो दगड दे इकडे. तो नव्हे, चपटा. पन्नास वर्षं झाली, तुला चपटा दगड कळत नाही."

तेवढ्यात फिलिपाबाई फाटकाशी आल्या. "मिसेस कोट्स! बघितलंत का? आम्ही एकाही पात्याला हात लावला नाही!"

विनीने माझ्याकडे पाहिले. लोळलेल्या गवताकडे पाहिले. "दिसतंय," ती म्हणाली. "गुरुवारी पाऊस यायचा."

या खोऱ्याच्या मापाने ही अतिशय कडक टीका होती. फिलिपाबाईंनी आभार मानले आणि गुरुवारी छत्री घेतली.

दुसरे वर्ष पहिल्यासारखेच गेले, फक्त कुजलेल्या गवताचा थर आणखी जाड झाला. खुळखुळीच्या बिया त्या थरावर पडल्या आणि मातीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. कोरल पक्षी एप्रिलमध्ये आले, दोन दिवस फिरले आणि निघून गेले, कारण त्यांच्या पिल्लांना असल्या गचपणातून चालता येत नाही. ज्यांच्यासाठी मला कापले नाही, ते मला न कापल्यामुळे गेले. फिलिपाबाई बाकावर बसून त्यांची वाट पाहत राहिल्या. मला गडग्यातला एखादा दगड त्यांच्या पायावर टाकावासा वाटला. दगड माझे ऐकत नाहीत.

एक अपवाद घडला. फिरायला वाट हवी म्हणून क्लाइव्ह यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये हातयंत्राने एक नागमोडी पट्टी कापली, आणि बुटांना चिकटते म्हणून फिलिपाबाईंनी ते गवत दाताळ्याने ओढून गडग्याबाहेर टाकले. नकळत दोघांनी एक उत्तम प्रयोग केला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात मी सगळीकडे रटाळ हिरवी होते, आणि त्या जुन्या वाटेवर मात्र, तिच्या प्रत्येक वळणासह, खुळखुळी आणि जांभळी फुले उभी होती. क्लाइव्ह यांनी ते पाहिले. बायकोला म्हणाले, "फुलांना माणसांची चाहूल आवडते बहुतेक." निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष भलताच, असे विज्ञानात नेहमी होते. फरक इतकाच की तिथे कोणीतरी तुमचे चुकले म्हणून सांगते.

फुले कमी झाल्याचे दुःख क्लाइव्ह यांना खरोखर होते. म्हणून त्यांनी उपाय केला. रानफुलांच्या बियांचा एक डबा मागवला. डब्यावर लाल पॉपीच्या फुलांचे चित्र होते आणि सूचना होती की आधीचे सर्व गवत काढून माती उलथावी. किडलेले आधी कोरून काढायचे आणि मग भरायचे, ही त्यांच्या हाताची चाळीस वर्षांची सवय. सूचना त्यांना पटली. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी खालच्या गावातून ट्रॅक्टर आला. त्याच्या मागे माती उलथणारा रोटाव्हेटर होता.

मित्रांनो, कुजलेला थर दोन-तीन कापण्यांत निघतो. उलथलेली माती तशी बरी होत नाही. माझ्या मुळांची, बुरशीच्या धाग्यांची आणि मुंग्यांच्या घरांची जी वीण आहे, ती दोनशे एकसष्ट वर्षांची आहे. रोटाव्हेटरला अडीच एकरांसाठी दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ पुरला असता.

वरच्या गडग्याच्या कडेने तो एकदा गेला आणि परत आला. चार मीटर रुंद, नव्वद मीटर लांब पट्टी उलथली गेली. त्या वेळी विनी रॉलीबरोबर मेंढ्या हाकत रस्त्याने चालली होती. ती फाटकाशी थांबली. मेंढ्या पुढे गेल्या. रॉली म्हणाला, "विनी, चल. आपलं नाही ते."

ती उभी राहिली. ट्रॅक्टर वळून तिसऱ्या फेरीला लागला. आणि विनी कोट्सने, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याचे फाटक न विचारता उघडले. ते बंद करण्याचेही तिला भान राहिले नाही, आणि इथे हा त्याहून मोठा गुन्हा आहे. ती चालत जाऊन ट्रॅक्टरपुढे उभी राहिली.

"बंद कर ते!"

ड्रायव्हरने यंत्र बंद केले. क्लाइव्ह धावत आले. "मिसेस कोट्स, काय झालं? लागलं का तुम्हाला?"

"डॉक्टर, तुम्ही काय करताय हे?"

"फुलं पेरतोय. इथली सगळी गेली, बघा ना."

"गेली नाहीत, तुम्ही घालवलीत. दोन वर्षं कापलं नाहीत."

"पण आम्ही मुद्दाम नाही कापलं! पक्ष्यांसाठी!"

"कुठायत पक्षी?"

फिलिपाबाई बाकाजवळून पुढे आल्या. विनीने हात लांब करून नागमोडी वाट दाखवली. "पोरी, इकडे ये. हे असं वाकडंतिकडं का फुललंय, सांग बरं. बाकी कुठं का नाही?"

फिलिपाबाई बासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांना बहुधा फार दिवसांनी कोणी पोरी म्हटले होते. त्या वाटेवर उकिडव्या बसल्या, दोन बोटांनी गवत बाजूला सारले आणि खालची मोकळी माती पाहिली. मग दोन पावले बाजूला सरकून तेच केले. तिथे बोटे मातीला लागेनात. नुसता कुजका थर.

"क्लाइव्ह," त्या हळूच म्हणाल्या, "आपण इथलं कापलं होतं. आणि मी ओढून नेलं होतं."

क्लाइव्ह यांनीही वाकून दोन्हीकडची माती चाचपली. मग ते विनीकडे वळले. "दोन वर्षं तुम्ही रोज इथून जाता, मिसेस कोट्स. एक शब्द तरी बोलायचा!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आम्हाला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं!"

"आणि आम्हाला न विचारता सांगायचं माहीत नाही," विनी म्हणाली. "झालं का आता समाधान?"

मागून रॉली ओरडला, "विनी, फाटक! मेंढ्या सगळ्या आत आल्या!"

खरोखरच मागे वळून आल्या होत्या. बत्तीस मेंढ्या माझ्या अंगावर पसरून खाऊ लागल्या. क्लाइव्ह त्यांना हाकलायला निघाले, तर विनीने त्यांच्या बाहीला धरले. "राहू द्या. दोन वर्षांत इथं घडलेली ही पहिली चांगली गोष्ट आहे."

मला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापले. कापून निघालेले गवत काळे, कुजके होते, त्याला मेंढ्याही तोंड लावीनात. तरी चौघांनी ते दाताळ्यांनी ओढून बाहेर नेले. क्लाइव्ह यांच्या हाताला फोड आले. पुढच्या जुलैत कधी कापायचे ते त्यांनी तिथेच विचारले. विनीने सवयीप्रमाणे आधी आभाळाकडे पाहिले, हवामानावर काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि मग सरळ तारीख सांगितली. तिला हे जड गेले.

खुळखुळी या वसंतात वाटेवरून तीन मीटर बाहेर सरकली आहे. कोरल पक्षी परतलेले नाहीत. ते परततील असे मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडे तसा पुरावा नाही.

उलथलेल्या पट्टीत क्लाइव्ह यांनी डब्यातले बी टाकले. "टाका," विनी म्हणाली होती, "तिथं बिघडायचं काही उरलेलं नाही." जूनमध्ये तिथे लालभडक पॉपी फुलल्या. रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवतात, गडग्यावरून वाकतात आणि फक्त त्याच पट्टीचे फोटो काढतात. "किती नैसर्गिक!" म्हणतात. मी ऐकून घेते.

मित्रांनो, पॉपी ताज्या उलथलेल्या मातीतच उगवतात. पुढच्या वर्षी ती माती घट्ट होईल आणि त्या फुलणार नाहीत. क्लाइव्ह यांना पुन्हा वाईट वाटेल, आणि ते पुन्हा काहीतरी उपाय शोधायला लागतील. ज्या गोष्टीवर तुमचे प्रेम आहे, ती आजवर कोणाच्या हातांनी टिकली हे तिच्यासाठी काही करण्याआधी विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी, कोणी विचारायची वाट न पाहता, फाटक उघडून आत यावे. माझे फाटक कडी काढून थोडे वर उचलले की उघडते.