महाग घेतली म्हणून मी वाचले

ट्रिंग ट्रिंग! दचकू नका, तोंडानंच वाजवली. खरी घंटी कधीच पडली. मी जिन्याखालची जुनी सायकल बोलतेय. शिक्षण विचाराल तर शून्य. माझ्या चेनकव्हरवर काहीतरी छापलेलं होतं, त्यातलं एकच अक्षर उरलंय, तेही मला उलटं दिसतं. पण माणसं मला झकास वाचता येतात. सीटवर बसलेला माणूस सायकलपासून काही लपवू शकत नाही.

कारखान्यात आम्ही पुष्कळ जणी होतो, सगळ्या काळ्या. माझा पहिला मालक शिंपी. कॅरिअरवर कपड्यांचं गाठोडं आणि ओठांत टाचण्या, म्हणून बिचाऱ्याला मला धड शिवीही देता यायची नाही. पडला तरी नुसतं "हुं, हुं" करायचा. मग मला काय, ऊतच यायचा! भर चौकात चेन पाडायची, ब्रेक दाबला की गाढवासारखं ओरडायचं. शेवटी त्याचे गुडघे गेले आणि मी चष्मेवाल्याकडे आले.

चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवणारा. तेव्हा बिनलग्नाचा होता. एका मुलीला मागे बसवून हिंडवायचा. पहिल्याच दिवशी तिच्या स्वेटरचा एक लोंबता धागा माझ्या चाकात आला. आयता आलेला मी सोडते होय! गुंडाळत गेले, गुंडाळत गेले. उतरली तेव्हा एक बाही कोपरापर्यंत गायब! त्यानं नवा स्वेटर घेऊन दिला, त्यावरून बोलणी वाढली, लग्न झालं. संसार जुळवला मी, आणि लग्नाच्या फोटोत मला कुणी उभं केलं नाही. जाऊ द्या.

ही बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुया टोचते. घरीही तोच धंदा, फक्त सुई दिसत नाही. घर दोन खोल्यांचं आणि नवरा हौशी, म्हणून तिनं एक नियम केलाय. एक वस्तू आत आली की एक बाहेर. नवी इस्त्री आली, जुनी गेली. नवा पंखा आला, जुना गेला. रविवारी भंगारवाला या घरी न बोलावता येतो.

आता माझ्यावर काय बेतलं ते ऐका.

बायकोचा धाकटा भाऊ एकदा नव्या कोऱ्या सायकलवर बसून आला. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं हेल्मेट. एका हातानं सायकल उचलून दाखवली. चष्मेवाल्याचे डोळे भिंगाएवढे झाले.

"भाऊजी, तुमचं हे लोखंडी गाढव अजून आहेच का?" मेहुणा म्हणाला.

मी स्टँडवरून सरकले आणि त्याच्या पायावर पडले. चुकून हो!

"आई गं! भाऊजी, ही एखाद्याचा जीव घेईल. काढून टाका!"

झालं. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. जेवताना विषय निघाला. मला खिडकीतून सगळं ऐकू येतं.

"अगं, साधीच घेऊ," चष्मेवाला म्हणाला. "आपल्याला कुठं शर्यतीत पळायचंय?"

"घ्या की. पण ती आत आली की जिन्याखालची बाहेर."

माझी तर हवाच गेली. ठरवलं, आता शहाण्यासारखं वागायचं. दोन दिवस चेन पाडली नाही, ब्रेकला ओरडले नाही. तर घरी येऊन म्हणतो कसा, "अगं, ही म्हातारी एवढी लोण्यासारखी चालते, तर नवी कशी चालेल!" मग चिडून दुसऱ्या दिवशी येता जाता चेन पाडली. तर म्हणे, "बघ, हिचा काही भरवसा नाही." माणसाला एकदा छत्री घ्यायची असली ना, की पाऊस आला तरी छत्री आणि ऊन पडलं तरी छत्रीच!

सायकलीच्या दुकानात गेला तोही माझ्यावरच बसून. नवी बायको बघायला निघावं आणि जुनीला म्हणावं, चल, मला तिथवर सोड! मी काचेबाहेर उभी. दुकानदार त्याला एकेक दाखवत होता. "ही साधी. थोडे जास्त टाकलेत तर ही गिअरवाली. आणखी थोडे टाकलेत तर ही हलकी." थोडे थोडे करत गडी साध्या सायकलीच्या चौपटीवर जाऊन बसला. आता प्रश्न घरी सांगायचा.

त्याला भागाकाराचं भारी वेड. कितीही मोठा खर्च असू दे, दिवसांनी भागत सुटतो आणि फुकटात आणून सोडतो.

"दहा वर्षं चालवली तर रोजचा खर्च अर्ध्या चहाएवढा!"

"मग अर्धा चहा बंद करा."

"जिमचे पैसे वाचतील ते?"

"अहो, जिमला गेलात कधी?"

"तेच तर! आता जाणारही नाही. वाचलेच ना?"

"मग विमानही घेऊ नका. त्या वाचलेल्या पैशांत गावाला सायकली वाटा."

चष्मेवाल्यानं भागाकार सोडला. मग हळूच म्हणाला, "अगं, जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या. एकदा माझ्या डोळ्यांत भरलेली वस्तू घेऊ दे की."

सुई टोचणारीचा हात थांबला. "घ्या," ती म्हणाली. "पण रविवारी ही बाहेर. नियम म्हणजे नियम."

नवी आली. ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड. एवढे पैसे मोजून अंगावर धड काही नाही! तिच्यासाठी कुलूप आणलं, ते माझ्याहून महाग. तेही भागाकारात बसवलं.

पहिल्या दिवशी तिला दुकानात नेलं. तिथलं मी रात्री खिडकीतून ऐकलं. दाराबाहेर कुलूप लावलं, पण चष्मेवाल्याचा जीव तिच्यात. हातात काच आणि नजर रस्त्यावर. अशानं एका गृहस्थांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. गृहस्थ चष्मा घालून निघाले आणि दुकानाला नसलेली पायरी उतरले. दुकानाचे मालक खवळले. "अरे, तुझं लक्ष काचेत आहे की काचेबाहेर?"

दुसऱ्या दिवशी त्यानं नवीला बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीशेजारी टेकवलं आणि चोरासारखा जिन्याखाली आला. मी काय, भोळं तोंड करून उभी. दिवसभर दुकानाबाहेर बिनकुलपाची होते. एक चोर आला, मला निरखलं, सीटवर थोपटलं आणि निघून गेला. चोरून न्यावं इतकीही माझी किंमत उरली नाही म्हणा! पण काचा मात्र जागच्या जागी बसल्या.

रविवार उजाडला. भंगारवाला आला.

"काढा ती," बायको म्हणाली. माझा एकूण एक स्पोक थरथरायला लागला.

चष्मेवाला आडवा आला. "थांब! ही गेली तर नवी रोज बाहेर काढावी लागेल."

"मग? त्यासाठीच घेतलीत ना?"

"एवढी महाग वस्तू रस्त्यावर लावायची? वेडी आहेस का! जुनी चालवली तर नवी दहाची वीस वर्षं टिकेल. म्हणजे रोजचा खर्च पाव चहा!"

भंगारवाला आभाळाकडे बघत उभा राहिला. बायकोनं कमरेवर हात ठेवले.

"बरं. पण एक आत आली, एक बाहेर जाणारच. नवी कुठं टेकवलीय?"

"आरामखुर्चीला."

"मग खुर्ची द्या."

संध्याकाळी ज्या खुर्चीत तो पेंगायचा, ती खुर्ची! त्यानं खुर्चीकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा अजिबात करकरले नाही. शेवटी तो बाजूला झाला.

भंगारवाल्यानं खुर्चीत बसून बघितलं. "ताई, चांगली आहे की. का देताय?"

"यांना विचारा. यांनी सायकल घेतलीय."

आता चष्मेवाला फरशीवर बसतो आणि काचा पुसायच्या फडक्यानं नवीला पुसतो. दुकानात रोज मी नेते. परवा मेहुणा विचारत होता, "काय भाऊजी, नवी कशी काय?" तर हा म्हणतो, "उत्तम! अजून टायरवरचे रबराचे केससुद्धा गेले नाहीत."

तेव्हा बाबांनो, हँडल जोडून एकच मागणं आहे. नवी सायकल घ्यायला निघालात तर साधी, स्वस्त, कामाची अशी मुळीच बघू नका. तसली आली तर तुम्ही तिच्यावर रोज बसाल आणि जुनी जाईल तराजूत. घ्या, चांगली ऐपतीबाहेरची घ्या. लोक उधळ्या म्हणतील, म्हणू द्या. पुण्य लागेल.