पुतळ्याचं यकृत

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर एका बाईंचा फोटो झळकला. चेहरा पिवळट, सावल्या हिरव्या, खांद्यावर तांबडा झोत!

"डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही!" फोटोबाबा गरजले. "हिरवं ते बिघडलेलं यकृत, तांबडं ते तापलेलं रक्त. औषधं सोडा, माझ्यापुढे बसा. पुढच्या फोटोत रंग निवळतील!"

आणि निवळायचे हो! लोक टाळ्यांनी हॉल डोक्यावर घ्यायचे.

गावातल्या शिंपीणबाईंच्या नवऱ्याच्या फोटोतही पिवळट चेहरा आणि तांबडा झोत निघाला. गड्याने ब्लडप्रेशरच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. पुढचा फोटो लख्ख आला, स्वारी खूश. मग एका दुपारी कापड बेतता बेतता टेबलावरच कोसळला. डॉक्टरांमुळे निभावलं. तरी घरी येताच पठ्ठ्या म्हणतो, "बाबांना विचारल्याशिवाय गोळी घेणार नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांची धाकटी जाऊ चित्रकलेची शिक्षिका. तिने त्यांच्या नवऱ्याचा तो पहिला फोटो निरखला.

"ताई, मागची भिंतसुद्धा पिवळी पडलीय. तिलाही रोग झाला की काय?"

बाबा लांबच्या रुग्णांचे फोटो फोनवर मागवत. दोघींनी दुकानातल्या पुतळ्याला कोट-टोपी चढवली, पाठमोरा फोटो काढला आणि 'आजारी मामा' म्हणून धाडून दिला. पुढच्या बैठकीत मामा पडद्यावर आले, हिरवेगार.

"अरेरे! यकृत पार गेलं!" बाबा कळवळले.

शिंपीणबाई उभ्या राहिल्या. "जाईल कुठे महाराज? मुळात नव्हतंच. तो आमच्या दुकानातला पुतळा आहे. आत नुसता भुसा!"

हॉलभर खसखस पिकली. बाबा "पुतळ्यातही ऊर्जा..." म्हणेपर्यंत जावेने त्यांचाच फोटो काढला, त्यावर बोट फिरवलं आणि फोन पुढच्या रांगेत दिला. बाबांच्या छातीवर तांबडा झोत!

"जुन्या फोटोंचे रंग काही वर्षांनी बदलायचे," ती म्हणाली, "आणि रिळात उजेड शिरला की असे झोत उमटायचे. नव्या फोटोला तसं जुनं रूप द्यायची सोय आता फोनमध्येच असते. रंग चढवला की रोगी, उतरवला की बरा!"

बाबा मागच्या दाराने सटकले. नवरा मान खाली घालून बसला होता.

"गोळ्या सोडल्यावर डोकं ठणकत असेल ना? बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"ठणकत होतं गं. पण फोटोत बरा दिसत होतो ना."

बाई लोकांकडे वळल्या.

"ऐकलंत? स्वतःच्या दुखण्यापेक्षा ह्यांना फोटो खरा वाटला. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या नंतर, आधी विचारा, हे केलं कसं? आणि ज्यांनी गोळ्या सोडल्यात, त्यांनी थेट दवाखाना गाठा. उठा! आम्हीही तिकडेच निघालोय."