पेन्सिलीने भरायच्या जागा

मी पुठ्ठा बोलतोय. नव्या शर्टाच्या घडीत पाठीला ताठ बसवलेला असतो ना, तोच. शर्ट अंगात चढला की आमची रवानगी कचऱ्यात. त्यामुळे सांगण्याएवढं आयुष्य आमच्यात कुणाला मिळत नाही. मला मिळालं, कारण एका घाबरट बाईने मला उचललं.

घरात तिला धाकटी म्हणतात. सातवी शिकलेली. अक्षर मोठं, जरासं कललेलं. तिची मुलगी दोन महिने आधी जन्मली. एवढीशी होती, म्हणून तिला सगळे पिटुकली म्हणू लागले. पिटुकली नुसती शिंकली तरी धाकटी घाबरून तिला उचलायची. दवाखाना लांब, म्हणून ती फोनमधल्या एआयला विचारायची. टाइप करायला बोटं चालत नसत, तेव्हा बोलूनच. पण घाबरलेलं माणूस धड काय सांगणार? कधी वय सांगायचं राहायचं, कधी बाळ आधी जन्मलंय हेच. मग उत्तर यायचं ते कुणाच्या तरी भलत्याच धष्टपुष्ट बाळाचं.

एका दुपारी तिने मला मांडीवर घेतलं. सगळ्यात वर लाल शाईने लिहिलं, ‘आधी मला विचार, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का? दूध सोडलंय का? एकालाही मी हो म्हटलं तर बाकी काही सांगू नकोस. दवाखान्यात जा म्हण.’ ही ओळ तिच्या मनची नव्हती. पिटुकलीला घरी सोडताना डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलेलं, तेच तिने उतरवलं. त्याखाली निळ्या शाईने, ‘बाळ दोन महिने आधी जन्मलं आहे. सोप्या भाषेत सांग.’ आणि खाली मोकळ्या जागा. वय, वजन, ताप, कधीपासून, काय होतंय. त्या पेन्सिलीने भरायच्या, माझ्यावरचं सगळं मोठ्याने फोनला वाचून दाखवायचं, आणि काम झालं की लगेच खोडायच्या. एकदा मागच्या महिन्याचं वजन तसंच राहिलं होतं. तेव्हापासून ती खोडल्याशिवाय उठत नसे.

तिची जाऊ थोरली. ती ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, “अगं, याला आमच्याकडे टेम्प्लेट म्हणतात! पुन्हा पुन्हा वापरायचा साचा. छुपी रुस्तुम निघालीस धाकटे!”

धाकटी लाजली. मीही थोडा जास्तच ताठ झालो.

मग सासूबाईंचा गुडघा धरला. थोरलीने मलाच घेतलं, वयाच्या जागी नुसतं ‘बहात्तर’ लिहिलं, आणि भराभर वाचून दाखवलं. फोनने बहात्तर दिवसांचं बाळ धरलं. पाय ओढू नका, अलगद कुशीवर निजवा, अंगावरचं दूध चालू ठेवा!

“आता मला अंगावर पाजायला कोण येणार गं?” सासूबाई गुडघा धरून हसायला लागल्या. “का तूच पाजतेस?”

थोरली ओशाळली. “साच्यात एकाच माणसाचं काही ठेवायचं नसतं. मी सगळ्या घराला चालेल असा करून देते.”

तिने दिला. स्वच्छ, छापील, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. त्यातून बाळाची ओळ गेली आणि तिच्याबरोबर लाल ओळही गेली. सासूबाईंना छातीचं नि दुधाचं काय करायचंय? थोरलीचं काही वाईट मनात नव्हतं. धाकटीच्या ओठापर्यंत काहीतरी आलं होतं, पण समोर छापील कागद, आणि आपली सातवी. तिने तो कागद घेतला. मी ओट्याच्या खणात गेलो, चमच्यांखाली.

पिटुकली दहा महिन्यांची झाली आणि तिला खोकला झाला. सुट्टीचा दिवस होता. धाकटीने छापील कागद भरला, वाचला. फोन म्हणाला, साधा खोकला असावा, थोडं थोडं पाजत राहा, दोन दिवस वाट पाहा.

“बघ,” थोरली म्हणाली, “उगाच जीव काढतेस.”

“ताई, वाचताना सुरुवातीलाच जीभ अडखळली माझी. आधी काहीतरी म्हणायचं असतं.”

“काय?”

“आठवत नाही. लाल होतं.”

खण खस्सकन ओढला गेला, चमचे खाली सांडले. धाकटीने मला उजेडात धरलं. पहिल्याच ओळीवर थांबली आणि पिटुकलीचा फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

“दूध?” थोरलीने विचारलं.

“सकाळपासून नाही.”

मग फोनला कुणी काही विचारलं नाही. “चल, चपला राहू देत,” म्हणत थोरलीच गाडी बघायला धावली.

मी फरशीवर पडलेला. सासूबाई त्या दुखऱ्या गुडघ्याने खाली वाकल्या, मला उचललं, हाताने पुसलं आणि टेबलावर बरणीला टेकवून उभं केलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. त्या मध्येच लाल ओळ पुटपुटायच्या. दिवेलागणीला फोन वाजला. थोरली रडत होती. “वेळेत आणलं म्हणाल्या डॉक्टरबाई.”

सहा दिवसांनी पिटुकली घरी आली. थोरली धाकटीशेजारी जमिनीवर बसली आणि माझ्या पाठीवर स्वतः लिहिलं, ‘हा फक्त पिटुकलीचा. कुठलीही ओळ काढण्याआधी, ती का लिहिली हे लिहिणारीला विचारायचं.’ खाली तारीख टाकली. सासूबाईंचा साचा वेगळा झाला, त्यावर त्यांचं नाव. दर महिन्याच्या एक तारखेला धाकटी दोन्ही वाचते. शिळं झालेलं काढते. थोरली आता तिला विचारते, “हे ठेवू का गं?”

माझे दिवस मात्र भरले. वयाच्या जागी इतक्यांदा खोडलं, आधी महिने, मग वर्षं, की तिथे आरपार भोक पडलंय. आज धाकटी नवा पुठ्ठा घेऊन बसली आहे. लाल पेन पहिलं उचललंय.

तुम्हीही साचे कराल, करा. एकदा शांतपणे विचार करून लिहिलेलं घाबरलेल्या वेळी उपयोगी पडतं. फक्त मोकळ्या जागा खरंच मोकळ्या ठेवा, आणि भरताना कागदाकडे नाही, समोरच्या माणसाकडे बघून भरा.

पिटुकली आता अडीच वर्षांची आहे. तिने मला ओढून घेतलंय, तोंडासमोर धरलंय, आणि वयाच्या जागेच्या भोकातून एका डोळ्याने बघतेय.

“आई, मी दिसते?”

“दिसतेस गं,” धाकटी म्हणाली, आणि लिहायची थांबून बघत राहिली.